पुन्हा भेटलेला अ‍ॅटम

मुलांनो, तुमच्यापैकी अनेकांना व्हिडिओ गेम आवडत असतील. "पुरे झाला तो खेळ, आता अभ्यासाला बसा," असे घरातील मोठी माणसे तुम्हांला म्हणत असतील. त्यांचे म्हणणे ऐकायलाच हवे. तरीही आज मी तुम्हांला एका खेळाविषयीच सांगणार आहे. हा खेळ जुना आहे. लहानपणी मी तो खेळलो आणि सुमारे वीस वर्षांनी पुन्हा खेळलो. यंत्र तेच, कॅसेट तीच, बटनेही तीच. पण पहिल्या वेळी जे दिसले नव्हते, ते दुसऱ्या वेळी दिसले.

खेळाचे नाव आहे 'अ‍ॅस्ट्रो बॉय : ओमेगा फॅक्टर'. 'गेम बॉय अ‍ॅडव्हान्स' नावाच्या, दोन्ही हातांत धरण्याच्या एका छोट्या यंत्रावर तो चालतो. निन्टेन्डो या जपानी कंपनीने हे यंत्र २००१ साली बाजारात आणले. त्यावरचा हा खेळ डिसेंबर २००३ मध्ये जपानमध्ये निघाला. 'ट्रेझर' आणि 'हिटमेकर' यांनी तो तयार केला आणि 'सेगा' या कंपनीने प्रसिद्ध केला. पुढच्या वर्षी त्याची इंग्रजी आवृत्ती आली. जपानी भाषेतील त्याच्या नावाचा अर्थ मोठा गोड आहे, 'अ‍ॅटमच्या हृदयाचे रहस्य'.

आता तुम्ही विचाराल, हा अ‍ॅटम कोण?

अ‍ॅटम हा एक यंत्रमानव आहे. दिसायला तो नऊ-दहा वर्षांच्या मुलासारखा. डोळे मोठे, पायांत तांबडे बूट आणि डोक्यावर केसांची दोन टोके शिंगांसारखी वर आलेली. त्याच्या अंगात एक लाख अश्वशक्तीचे बळ आहे. पायांतून ज्वाळा सोडत तो आकाशात उडतो. त्याला साठ भाषा बोलता येतात. समोरचा माणूस चांगला की वाईट, हेही तो ओळखतो. इंग्रजीत त्याला 'अ‍ॅस्ट्रो बॉय' म्हणतात. पण जपानमधील मुले त्याला अ‍ॅटम या नावानेच ओळखतात.

अ‍ॅटमचा जन्म मंगामध्ये झाला. मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. मंगाचे पुस्तक तुमच्या हाती आले, तर तुम्हांला एक गंमत दिसेल. आमच्यासारख्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलांना ते पुस्तक उलटे वाटते. तुम्हांला मात्र ते सरळच वाटेल. कारण जपानी मंगाची पाने तुमच्या उर्दूच्या पुस्तकाप्रमाणेच उजवीकडून डावीकडे वाचतात!

अ‍ॅटमला जन्म देणाऱ्या चित्रकाराचे नाव ओसामू तेझुका. त्यांचा जन्म १९२८ साली ओसाकाजवळच्या तोयोनाका गावी झाला. लहानपणी त्यांना किडे गोळा करण्याचा फार नाद होता. इतका, की त्यांनी आपले नाव लिहिताना त्यात 'किडा' या अर्थाचे अक्षर घातले. ते शाळेत शिकत असताना दुसरे महायुद्ध चालू होते. १९४५ मध्ये ओसाका शहरावर विमानांतून बॉम्ब पडले. शहराचा मोठा भाग जळून गेला. तेझुका त्यातून वाचले. पुढे ते वैद्यकशास्त्र शिकले, डॉक्टर झाले. पण त्यांनी हाती स्टेथॉस्कोप न घेता लेखणी आणि कुंचला घेतला. १९८९ साली त्यांचे निधन झाले. तोवर त्यांनी मंगाची सुमारे दीड लाख पाने काढली होती. भगवान बुद्धांच्या जीवनावरही त्यांनी एक मोठी मंगा लिहिली. ती पूर्ण व्हायला १९७२ ते १९८३ इतकी वर्षे लागली.

युद्धानंतर जपानमध्ये अमेरिकेचे सैन्य होते. त्या काळातील एक प्रसंग तेझुकांनी पुढे सांगितला आहे. रस्त्यात काही अमेरिकन सैनिक त्यांच्याशी बोलले. ते काय म्हणतात, हे तेझुकांना कळेना. सैनिकांनी त्यांना मारहाण केली. भाषा समजली नाही, एवढ्यावरून मार बसला! हा अपमान त्यांच्या मनात खोल रुतून बसला. अ‍ॅटमच्या कथांमधून माणसे आणि यंत्रमानव एकमेकांना नीट समजून घेत नाहीत, म्हणून भांडतात. त्यांच्या मध्ये उभा राहतो तो अ‍ॅटम. १९५१ साली अ‍ॅटम पहिल्यांदा एका मासिकात आला, त्या मंगाचे नावच 'राजदूत अ‍ॅटम' या अर्थाचे होते. राजदूताचे काम काय असते? दोन बाजूंना एकमेकांचे म्हणणे समजावून सांगणे. १९५२ पासून अ‍ॅटमच्या नावाची स्वतंत्र मालिका सुरू झाली आणि ती १९६८ पर्यंत चालली. १ जानेवारी १९६३ रोजी तो जपानच्या दूरदर्शनवर आला आणि घराघरांत पोहोचला.

मंगामध्ये अ‍ॅटमची जन्मतारीख ७ एप्रिल २००३ अशी दिलेली आहे. ज्या काळात ती लिहिली गेली, त्या काळात २००३ साल फार लांब होते. हळूहळू ते साल खरोखरच उगवले. जपानमध्ये अ‍ॅटमचा वाढदिवस साजरा झाला. निइझा नावाच्या शहराने तर या कागदावरच्या मुलाला आपला नागरिक म्हणून नोंदवले! दूरदर्शनवर त्याची नवी मालिका सुरू झाली आणि वर्ष संपता संपता हा खेळही आला.

आमच्या चिपळूणच्या घरी तो २००५ साली पोहोचला. माझे मामा तेव्हा दुबईला नोकरी करत होते. सुट्टीवर येताना त्यांनी माझ्यासाठी आणि ताईसाठी ते यंत्र आणि ही एकच कॅसेट आणली. मी सातवीत होतो. ताई नववीत होती. यंत्राला दोन पेन्सिल सेल लागत. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. त्यामुळे दिवसा पडवीत, उजेडाकडे तोंड करून खेळावे लागे. ढग आले की खेळ बंद! मामांनी आम्हांला एक शिस्त लावली होती. खेळ झाला की सेल काढून ठेवायचे. कोकणातील दमट हवेत सेल आत राहिले तर यंत्र गंजते, असे ते म्हणत.

त्या वेळी आम्हांला अ‍ॅटम म्हणजे ठोसे आणि लाथा एवढेच ठाऊक होते. पडद्यावर शत्रू येत. अ‍ॅटम त्यांना ठोसे मारी, बोटातून प्रकाशाचा किरण सोडी, झेप घेऊन त्यांच्या डोक्यावरून पलीकडे जाई. खूप शत्रू एकदम आले की यंत्राला भार सोसत नसे आणि सारे काही संथ चाली. आम्हांला तेही आवडे. मध्ये मध्ये माणसे येत आणि इंग्रजीत काही तरी बोलत. आम्हांला इंग्रजी अक्षरे जुळवता येत. पण वाक्यांचा अर्थ लागत नसे. मग आम्ही बटन दाबून ते बोलणे पुढे ढकलत असू. पुढे अभ्यास वाढला, यंत्र पेटीत गेले, ताईचे लग्न झाले.

परवाच्या पावसाळ्यात ताईची लेक आमच्याकडे राहायला आली. ताईची नोकरी बदलीची. नव्या गावी घर मिळेपर्यंत मुलीला आजोळी ठेवावे, असे ठरले. तिचे बाबा मस्कतला होते. भाची आठ वर्षांची. अबोल. शाळेतून आली की पडवीच्या पायरीवर बसून पाऊस पाहत राहायची. दर रविवारी आजी तिला दाराच्या चौकटीशी उभी करून पेन्सिलीने उंचीची खूण करी. मग ती फोनवर आईला सांगे, "आई, मी एवढीशी वाढले." तेवढेच काय ते तिचे बोलणे.

तिचे मन रमावे म्हणून मी माळ्यावरची पेटी काढली. यंत्र जुन्या रुमालात गुंडाळलेले होते. सेलची जागा स्वच्छ होती. मामांची शिस्त कामी आली! नवे सेल घातले आणि ओळखीची धून वाजली. भाची पायरीवरून उठून माझ्याजवळ आली.

आम्ही दोघे रोज अर्धा तास खेळू लागलो. बटने ती दाबी आणि पडद्यावरचे इंग्रजी बोलणे मी तिला मराठीत सांगे. आता मला ती वाक्ये वाचता येत होती. मुलांनो, खरे सांगतो, तेव्हा मला कळले, की या खेळात बोलणाऱ्या माणसांनाच सर्वांत जास्त महत्त्व आहे.

कसे ते सांगतो. या खेळात अ‍ॅटमचे बळ नुसत्या मारामारीने वाढत नाही. ते ओळखीने वाढते. एखाद्या नव्या व्यक्तीशी त्याची भेट झाली, तिचे मन त्याला कळले, की त्याला एक गुण मिळतो. तो गुण कशासाठी वापरायचा, हे आपण ठरवायचे. ठोसा जोरदार करा, उडण्याची शक्ती वाढवा, नाही तर दृष्टी तीक्ष्ण करा. तीक्ष्ण दृष्टीमुळे लपलेली माणसे सापडतात, म्हणजे आणखी ओळखी होतात. भेटलेल्या प्रत्येकाचे चित्र एका पानावर जाऊन बसते. अशी चाळीसहून अधिक चित्रे आहेत. त्यात अ‍ॅटमचे मित्र आहेत, तसे त्याच्याशी लढलेलेही आहेत.

आणखी एक गंमत पाहा. ही सगळी माणसे अ‍ॅटमच्याच कथेतील नाहीत. तेझुका आपल्या पात्रांना नाटकातील नटांप्रमाणे वागवत. एकच पात्र एका कथेत सज्जन होई, तर दुसऱ्या कथेत दुर्जन. खेळ तयार करणाऱ्यांनी हीच रीत उचलली. त्यांनी तेझुकांच्या निरनिराळ्या मंगांमधील पात्रे येथे एकत्र आणली. ब्लॅक जॅक हा चेहऱ्यावर व्रण असलेला अद्भुत शल्यविशारद येथे भेटतो. शाराकू हा कपाळावर तिसरा डोळा असलेला मुलगा भेटतो. अमर असा अग्निपक्षीही भेटतो. जणू तेझुकांचे सारे कुटुंबच एका घरी जमले आहे.

एके दिवशी सेल संपले. बाहेर पाऊस कोसळत होता. दुकानात जाणे शक्य नव्हते. भाची म्हणाली, "मामा, मग याची गोष्ट तरी सांग. हा आला कुठून?"

मी तिला मंगामधील मूळ गोष्ट सांगू लागलो. डॉक्टर तेन्मा नावाचे एक मोठे शास्त्रज्ञ होते. त्यांचा तोबिओ नावाचा मुलगा मोटारीच्या अपघातात वारला. दुःखाने वेडे झालेल्या तेन्मांनी अगदी त्याच्यासारखा दिसणारा यंत्रमानव तयार केला. काही दिवस ते त्याला मुलगा मानून आनंदात राहिले. पण यंत्रमानव कसा वाढणार? दिवस गेले तरी त्याची उंची तेवढीच राहिली. तेन्मा रागावले आणि त्यांनी त्याला सर्कसवाल्याला विकून टाकले.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने हळूच विचारले, "वाढला नाही, हा त्याचा दोष होता का?"

"नाही गं," मी म्हणालो.

तिने दाराच्या चौकटीकडे पाहिले. गेल्या दोन रविवारच्या खुणा एकाच जागी पडल्या होत्या. ती म्हणाली, "मी वाढले नाही, तर आई मला न्यायला येईल ना?"

माझ्या घशात आवंढा आला. दर रविवारी ती उंची का सांगत होती, हे मला त्या क्षणी उमगले. आजी आतून तांदूळ निवडत ऐकत होती. सूप तसेच खाली ठेवून ती बाहेर आली. तिने भाचीला जवळ ओढले आणि म्हणाली, "अगं वेडे, तुझी आई तुला मोजून नेणार आहे का? घर मिळाले की त्याच दिवशी येईल." मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि तू रे, गोष्ट अर्धी कशाला सोडलीस? त्या पोराचे पुढे काय झाले ते सांग तिला."

मी पुढची गोष्ट सांगितली. सर्कशीत ओचानोमिझू नावाच्या प्राध्यापकांनी त्या मुलाला पाहिले. मोठ्या नाकाचे, प्रेमळ गृहस्थ. त्यांनी त्याला तेथून सोडवले. याच्यासारखा दुसरा कोणी नाही, म्हणून तो टाकाऊ आहे, असे त्यांना वाटले नाही. पुढे त्यांनी त्याच्यासाठी यंत्रमानव आई-वडीलही तयार केले. इतकी वर्षे मी अ‍ॅटमला एक लाख अश्वशक्तीचा वीर म्हणून ओळखत होतो. त्या संध्याकाळी मला त्याच्यामागे उभे असलेले, त्याला घरी नेणारे ते प्राध्यापक दिसले.

दुसऱ्या दिवशी नवे सेल आले. खेळात त्या प्राध्यापकांचे मोठे नाक दिसले, की भाची आता बटन दाबण्याची घाई करत नसे. "थांब मामा, ते काय म्हणतात ते आधी सांग," असे म्हणे. त्यानंतर दर फोनला ती आईला उंची न सांगता अ‍ॅटमला आज कोण भेटले, हे सांगू लागली. इकडून भाची आणि तिकडून ताई! ताईलाही सगळे आठवले. दोघींच्या गप्पा अर्धा अर्धा तास चालत.

अशा रीतीने आम्ही खेळाच्या पहिल्या भागाच्या शेवटापर्यंत आलो. लहानपणी मी आणि ताई येथपर्यंतच पोहोचलो होतो. हा शेवट दुःखाचा आहे. पृथ्वीवरील सारे यंत्रमानव नष्ट होतात. अ‍ॅटमही उरत नाही. भाचीचे डोळे भरून आले. पण या वेळी आम्ही यंत्र बंद केले नाही. पडद्यावर अग्निपक्षी आला. त्याने अ‍ॅटमला पुन्हा जिवंत केले आणि एक वरदान दिले. आता अ‍ॅटम मागच्या काळात जाऊ शकत होता. येथून खेळाचा दुसरा भाग सुरू झाला. त्याच्या नावाचा अर्थ आहे 'पुनर्जन्म'.

दुसऱ्या भागात अ‍ॅटम आपण आधी पाहिलेल्या जागीच पुन्हा पुन्हा जातो. गल्ल्या त्याच, शत्रू तेच. पण आता पुढे काय घडणार, हे त्याला ठाऊक असते. पहिल्या वेळी जेथून तो घाईने पुढे गेला, तेथे आता कोणी तरी भेटते. त्या व्यक्तीचे बोलणे ऐकले, की दुसऱ्या काळातील एखादे कोडे सुटते. कधी पुढे कोठे जावे, हेच कळत नाही. मग मागची सारी बोलणी आठवून पाहावी लागतात. आम्हांला तर एका कोड्यासाठी चार दिवस लागले. ते कोडे भाचीने सोडवले. कारण कोण काय बोलले होते, हे माझ्यापेक्षा तिच्या अधिक लक्षात होते.

दिवाळीच्या आधी ताईला घर मिळाले. ती लेकीला न्यायला आली, तेव्हा खेळ थोडा उरला होता. त्या रात्री आम्ही तिघे दिव्याखाली बसलो आणि तो पूर्ण केला. ताई पडद्याकडे पाहत म्हणाली, "अरे, एवढी मोठी गोष्ट यात होती होय!" भाचीने तिला गप्प केले. म्हणाली, "आई, बोलू नकोस. ते काय म्हणतात ते मामाला वाचू दे."

मुलांनो, हा खेळ मी दुसऱ्यांदा खेळलो, तेव्हा माझी बोटे पूर्वीइतकी चपळ राहिली नव्हती. लहानपणी सहज जिंकलेल्या लढाया आता मी दोन-दोनदा हरलो. पण मधल्या काळात मी एक भाषा शिकलो होतो. त्या भाषेने मला जे दिले, ते चपळ बोटांनी दिले नव्हते. भाषा येत नव्हती, तोवर पडद्यावर केवळ मारामारी होती. भाषा आली आणि त्या मारामारीच्या आत एक पोरका मुलगा, त्याला टाकणारे वडील आणि त्याला जवळ करणारे एक भले गृहस्थ दिसू लागले.

तुम्हीही आता एक नवी भाषा शिकत आहात. तुमच्या गल्लीत, बाजारात, एस.टी.च्या गाडीत मराठी बोलणारी कितीतरी माणसे तुम्हांला भेटतात. तुमचे उर्दू न समजणारीही त्यांत पुष्कळ असतील. आज एखादा शब्द अडेल, उद्या एखादे वाक्य चुकेल. त्याने खचून जाऊ नका. ज्या माणसाचे बोलणे कालपर्यंत कळत नव्हते आणि आज कळले, त्याचे चित्र तुमच्या मनाच्या पानावर जाऊन बसले, असे समजा. तुमच्याशी बोलता बोलता तोही तुमचे चार शब्द शिकेल. म्हणजे तुमचेही चित्र त्याच्या पानावर जाईल.

आणि हो, या पुस्तकातील एखादा धडा आज अवघड वाटला, तर त्यावर कायमची फुली मारू नका. वर्ष संपताना तो पुन्हा उघडा. धडा तोच असेल, पण वाचणारे तुम्ही तेच नसाल.